अंगण वाकडे की नाचणारा? छऱ्याच्या बंदुकीच्या नळीची परीक्षा

जत्रेत फुग्यांचा स्टॉल असतोच. मागे फळीवर ओळीने रंगीत फुगे, पुढे बाकावर दोन-तीन छऱ्याच्या बंदुका. पोरगं पैसे देतं, एक डोळा मिटतं, चाप ओढतं आणि छर्रा फुग्याच्या बाजूने निघून जातो. "बंदूकच वाकडी हाय!" असं पोरगं म्हणतं. मागे उभे असलेले आजोबा हसतात, "नाचता येईना अंगण वाकडं."

आजोबांचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते. पण प्रत्येक वेळी नसते. कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. जत्रेतल्या बंदुकीने शेकडो हात पाहिलेले असतात. नळी कुठेतरी आपटलेली असते, तिचे तोंड झिजलेले असते, पुढची माशी हललेली असते. मग नेम धरणाऱ्याचा दोष किती आणि नळीचा किती, हे ठरवायचे कसे? जगात काही कारागीर आणि नेमबाज वर्षानुवर्षे याच एका प्रश्नामागे लागले आहेत. त्यांची कामाची रीत शेतकऱ्याला परकी वाटणार नाही. शिवाय छऱ्याची बंदूक हा आपल्याकडेही गावातला विषय आहे. कुणी ती पोराच्या खेळासाठी घेतो, तर कुणी पिकावर येणाऱ्या जनावरांसाठी. दोघांनीही पुढचे वाचावे.

हवेची ताकद

हवेवर चालणारी बंदूक काही नवीन नाही. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्डोनी नावाची हवेची रायफल होती. एकदा हवा भरली की ती एकामागून एक वीसेक गोळ्या झाडत असे. पुढे दारूच्या बंदुका सुधारल्या आणि हवेची बंदूक बहुतांशी पोरांच्या खेळात जाऊन बसली.

आपल्या ओळखीची छऱ्याची बंदूक स्प्रिंगवर चालते. नळी मोडून वाकवली की स्प्रिंग दाबली जाते आणि चाप ओढला की ती सुटून हवा ढकलते. यात एक अडचण आहे. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच जड दट्ट्या पुढे धावतो आणि सगळी बंदूक हादरते. त्यामुळे दरवेळी अगदी एकसारखे धरले तरच नेम लागतो.

लांब पल्ल्याच्या रायफलींची तऱ्हा वेगळी. त्यांच्या टाकीत आधीच 200 ते 300 बार दाबाची हवा भरून ठेवतात. मालट्रकच्या चाकात साधारण 7 ते 8 बार हवा असते, यावरून हा दाब किती ते कळेल. आत एक रेग्युलेटर असतो. टाकीतला दाब कमी होत गेला तरी प्रत्येक छऱ्यामागे सारखीच हवा सोडायची, एवढेच त्याचे काम. ठिबकच्या संचात प्रेशर रेग्युलेटर जे काम करतो तेच. हादरा जवळपास नाहीसा झाला, वेग सारखा झाला, तेव्हा लपायला जागा उरली नाही ती नळीला. नेम हुकला की आता बोट तिच्याकडेच वळू लागले.

शंभर यार्डांवर काय होते

आंतरराष्ट्रीय सामन्यातली छऱ्याची रायफल 10 मीटरवर चालते. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये भरणाऱ्या एक्स्ट्रीम बेंचरेस्टसारख्या सामन्यात हाच हवेचा छर्रा 100 यार्डांवर, म्हणजे सुमारे 91 मीटरवर मारतात. अंतर नऊपट वाढले की अडचणी नऊपटीने वाढत नाहीत, त्याहून बऱ्याच जास्त वाढतात.

साधा हिशेब करू. साडेपाच मिलिमीटरचा, सव्वा ग्रॅमच्या आतला छर्रा सेकंदाला 270 मीटर वेगाने निघाला, तर 91 मीटर गाठायला त्याला 0.4 सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात तो सुमारे पाऊण मीटर खाली येतो. दुर्बीण वर करून हे भरून काढता येते. पण दोन छऱ्यांच्या वेगात सेकंदाला 3 मीटरचा फरक पडला, तर एक दुसऱ्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली लागतो. आडवा वारा ताशी 16 किलोमीटरचा असला, तर छर्रा एक वीतभर बाजूला जातो. आणि हे नेमबाज बोलतात ते 91 मीटरवर दहा छरे दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकण्याबद्दल!

वेग वाढवला की सगळे सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे होत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. छर्रा त्याच्या जवळपास गेला की हवेत डगमगतो आणि कुठेही जातो. म्हणून जाणकार 270 ते 290 मीटरच्या दरम्यानच राहतात. आपल्याकडे जाहिरातीत मोठ्या वेगाचा आकडा पाहून बंदूक घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जास्त वेग म्हणजे जास्त नेम नव्हे.

नळीच्या पोटातला पीळ

नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात पिळाच्या खाचा असतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या, पण फार सैल. छऱ्याच्या रायफलीत साधारण 16 ते 18 इंचांत एक फेरा पूर्ण होतो. या खाचा छऱ्याला गरगर फिरवतात. 450 मिलिमीटरला एक फेरा आणि 270 मीटरचा वेग धरला, तर छर्रा सेकंदाला 600, म्हणजे मिनिटाला 36,000 फेरे घेतो. आपल्या बोअरच्या पंपाची मोटर मिनिटाला 2,900 च्या आसपास फिरते. भोवरा जोरात फिरला की उभा राहतो, तसाच छर्रा फिरत राहिला की तोंड समोर ठेवतो.

पण भोवऱ्याचेही प्रमाण असते. फेरे कमी पडले तर छर्रा लडखडतो. जास्त झाले तर तो सरळ जाण्याऐवजी स्प्रिंगसारखा गोल गोल फिरत जातो. 1879 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने यासाठी सूत्र मांडले. त्याचे सार असे, की गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा.

ही गोष्ट अलीकडे फार महत्त्वाची ठरली. नेहमीचा छर्रा कमरेत बारीक आणि मागून पोकळ असतो. बॅडमिंटनच्या फुलासारखा तो मागच्या घेराच्या जोरावरही सरळ राहतो. पण हवा त्याला फार अडवते. म्हणून लांब पल्ल्यासाठी भरीव शिशाची लांबट गोळी आली. तिला वारा कमी लागतो, पण मागच्या घेराचा आधार नसल्याने ती सर्वस्वी पिळावर अवलंबून असते. जुन्या नळीतून ही नवी गोळी मारली तेव्हा बहुतेकांची निराशा झाली. बी बदलले पण वाफा जुनाच राहिला, असा हा प्रकार. मग नळ्या बदलायला सुरुवात झाली.

जर्मनीची रीत, स्वीडनची रीत

जर्मनीत कोनिग्सब्रॉन येथे लोथर वाल्थर ही नळ्या करणारी कंपनी आहे. तिची स्थापना 1925 ची. तिच्या नळ्या जगभरच्या रायफलींना बसतात. तिथली रीत अशी, की पोलादी गजात आरपार भोक पाडायचे आणि त्यातून खाचांचा उलटा नमुना असलेला अतिकठीण धातूचा लहानसा ठोकळा जोराने ओढून न्यायचा. खाचा कापल्या जात नाहीत, दाबून उमटतात. काही कारखाने साच्यावर नळी चढवून बाहेरून हातोड्यांनी ठोकून खाचा उमटवतात.

छऱ्याच्या नळीत आणखी एक खुबी असते. तोंडाजवळचा शेवटचा एक-दोन इंच भाग आतून किंचित आवळलेला असतो. त्याला चोक म्हणतात. आवळलेला तरी किती? मिलिमीटरचे दोन ते पाच शतांश. माणसाचा केस याहून जाड भरतो! छऱ्यांच्या मापात थोडाफार फरक असला तरी बाहेर पडताना सगळे एका मापात यावेत, हा चोकचा उद्देश.

स्वीडनमध्ये मारिएस्टाड येथील एफएक्स कंपनीने वेगळा विचार केला. आतून खाचा पाडण्याऐवजी पातळ नळीवर बाहेरून दाब देऊन आत पीळ उमटवायचा. पुढे 2010 च्या दशकात त्यांनी ही पातळ नळी सुटी केली. बाहेर जाड आवरण, आत बदलता येणारी पातळ नळी. छरे मारायचे तर सैल पिळाची घाला, भरीव गोळी मारायची तर घट्ट पिळाची. कुदळीचा दांडा तोच ठेवून पाते बदलावे, तसे. यामुळे प्रयोग करणे स्वस्त झाले आणि हौशी माणसालाही घरच्या बाकावर नळीची परीक्षा घेता येऊ लागली.

परीक्षा घेतात तरी कशी

खरा बोध इथे आहे. कृषी विद्यापीठात नवीन वाणाची चाचणी कशी घेतात ते आपण पाहिले आहे. एका वाफ्यात पीक चांगले आले म्हणून वाण चांगले, असे कोणी म्हणत नाही. तीन-चार ठिकाणी पुनरावृत्ती, शेजारी जुने वाण, खत-पाणी सारखे. नळीची परीक्षा तंतोतंत अशीच असते.

पहिले काम, माणूस बाजूला काढणे. रायफल किंवा नुसती नळी जड बैठकीत आवळतात. दुसरे, वारा बाजूला काढणे. त्यासाठी बंदिस्त बोगद्यासारखी जागा लागते. तिसरे, प्रत्येक छऱ्याचा वेग यंत्राने मोजतात, म्हणजे चूक वेगाची की नळीची ते कळते. चौथे, एका वेळी एकच गोष्ट बदलतात. नळीही बदलली आणि छरेही बदलले, तर फायदा कशाने झाला हे कधीच कळणार नाही.

मग कागदावर पडलेला भोकांचा झुपका मोजतात. इथे पुष्कळ जण स्वतःला फसवतात. पाच छऱ्यांचा एक सुंदर झुपका पडला की तो खिशात घालून गावभर दाखवतात. पण पाच छऱ्यांचा झुपका नशिबानेही लहान पडतो. त्याच नळीतून दहा मारले, तर झुपका सरासरीने सव्वापट मोठा होतो. नळीत दोष नाही, हा गणिताचा नियम आहे. म्हणून जाणकार दहा-दहा, वीस-वीस छऱ्यांचे अनेक झुपके घेतात आणि वाईट पडलेला झुपकाही वहीत लिहून ठेवतात. वाईट आकडा लपवणारा माणूस आपलीच नळी कधी ओळखू शकत नाही.

नळी उघडी करूनही पाहतात. छर्रा गजाने हळूच ढकलत नेला, की कुठे अडतो, कुठे सैल जातो ते हाताला कळते. अडत असेल तर आत ओतलेल्या शिशाच्या दट्ट्याला घासणारी पेस्ट लावून नळी मागे-पुढे घासतात. तोंडाची कड तर डोळ्यात तेल घालून पाहतात. छर्रा नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. तिथे एक बारीक टवका उडालेला असला, तर हवा एका बाजूने आधी निसटते आणि छऱ्याला धक्का देते. कापसाची काडी कडेवरून फिरवावी. धागा अडकला तर समजावे, इथे खोट आहे.

छऱ्यांचीही निवड होते. साडेचार मिलिमीटरचे म्हणून मिळणारे छरे 4.50, 4.51, 4.52 अशा वेगवेगळ्या मापांत येतात. एका नळीला जे मानवते ते दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्यात जातात, वेगवेगळ्या घाण्यांचा माल मारून पाहतात आणि जो मानवेल त्याच घाण्याचा साठा घेतात. भारतीय नेमबाजही जर्मनीत जाऊन आपल्या दारूगोळ्याची अशी चाचणी घेत आले आहेत.

दोन सेंटिमीटरची किंमत

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. सामन्यात दोन सेंटिमीटर चुकले तर गुण जातात. पण इंग्लंडमधल्या शेतावर तेवढ्याने जिवाचा प्रश्न येतो. तिथे गोठ्यातले उंदीर, पिकावरची रानकबुतरे यांचा बंदोबस्त करायला शेतकरी हवेची रायफल वापरतात. कबुतरांसाठी सरकारने ठरवलेल्या अटी पाळाव्या लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 12 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 16 ज्यूलपर्यंतच्या रायफलीला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. एवढ्या थोड्या ताकदीत जनावर तात्काळ मरायचे तर छर्रा इंचभर जागेतच लागला पाहिजे. दोन सेंटिमीटर बाजूला गेला तर ते जखमी होऊन कुठेतरी बिळात तडफडत मरते. म्हणून तिथला जबाबदार माणूस आधी कागदावर आपला आणि नळीचा झुपका मोजतो. ज्या अंतरापर्यंत झुपका इंचात बसतो, तेवढेच त्याचे अंतर. त्यापुढे तो चाप ओढत नाही.

आपल्याकडे काय चालते, काय नाही

आपला कायदा वेगळा आहे, हे गावच्या पदाधिकाऱ्यांनी नीट सांगायला हवे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंत नळीची आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीची हवेची बंदूक विनापरवाना ठेवता येते. वर सांगितलेली साडेपाच मिलिमीटरची लांब पल्ल्याची रायफल 40 ज्यूलच्या पुढे जाते. म्हणजे ती परवान्याच्या कक्षेत आली.

पण बंदूक विनापरवाना म्हणजे शिकार विनापरवाना नव्हे! 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसते जखमी करणेही येते. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. "नुसता छर्रा मारून हाकलला साहेब," ही सबब तिथे चालत नाही. रानडुकराचे म्हणाल, तर अर्ध्या ग्रॅमचा छर्रा त्याला मारत नाही, फक्त चिडवतो. चिडलेले डुक्कर उसातून कोणावर निघेल ते सांगता येत नाही. उपद्रवी जनावरांचा मार्ग वन खात्यामार्फतच आहे. नुकसान झाले की पंचनामा आणि भरपाईचा अर्ज लगेच करावा. त्यात ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावा.

अरुणाचल प्रदेशात घरोघरी छऱ्याच्या बंदुका होत्या आणि पाखरे नाहीशी होऊ लागली होती. मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून बंदुका स्वखुशीने जमा करण्याची मोहीम सुरू झाली. पुढे दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आणून दिल्या. गावाने मनावर घेतले की काय होते, याचे हे उदाहरण.

गावच्या पोरांसाठी

मग या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? आहे, आणि मोठा आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. त्याची रायफल हवेची नव्हती, दारूच्या काडतुसाची होती. पण नळी आणि काडतूस यांची जोडी जुळवायची रीत तीच. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला 10 मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

10 मीटरच्या रेंजला जागा मोठी लागत नाही. एक लांब खोली, 1.4 मीटर उंचीवर लक्ष्य, मागे छरे अडवणारी भक्कम आडोशाची भिंत, आणि मारण्याच्या बाजूने जाण्या-येण्याचा रस्ता पूर्ण बंद. शाळा किंवा तालीम मंडळाने मनावर घेतले तर जमण्यासारखे आहे. जाणता प्रशिक्षक मात्र हवाच. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जातो. शिसे विषारी आहे. छरे तोंडात धरू देऊ नयेत, सरावानंतर साबणाने हात धुवावेत.

आणि पोराचा नेम लागेना तर त्याला बोलण्याआधी एक परीक्षा घ्यावी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून 10 मीटरवर दहा छरे मारावेत. असे तीन कागद करावेत. झुपका घट्ट आहे पण एका बाजूला पडतो, तर नळी चांगली आहे, माशी-दुर्बीण फिरवून घ्यावी. झुपका विखुरलेला आहे, तर आधी सगळे स्क्रू आवळावेत. मग नळी साफ करावी. आत शिशाचा थर बसला की नेम बिघडतो. मग दुसऱ्या मापाचे छरे घ्यावेत. शेवटी तोंडाची कड पाहावी. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि प्रत्येक कागद तारीख टाकून जपून ठेवायचा.

एवढे करून झुपका आवळला, तर दोष अंगणाचा होता. पिशव्यांवर झुपका घट्ट आणि हातात घेतल्यावर विखुरलेला, तर दोष नाचणाऱ्याचा. त्याला औषध एकच, रोजचा सराव. नवी महागडी बंदूक घ्यायला निघालेल्या बापाने आधी हे तीन कागद पाहावेत. पुष्कळदा खर्च वाचेल. आणि पोरगंही समजून जाईल, की घरात आपलं म्हणणं आधी तपासलं जातं, मग बोल लावला जातो.